जिप्सीच्या ॲल्युमिनियम ब्लॉकला बर्फाने तडा: आर्गन वेल्डिंग मारावं की हाफ इंजिन बदलावं?

गिअर_नाशिक

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिप्सी किंग, २००८, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्या भोकांत (बोअर) वरखाली होतो त्यांचं अस्तर.

डिसेंबरअखेरीस हिमाचलमधल्या काझा इथे रात्रभर गाडी उघड्यावर उभी होती. इंजिनमध्ये कूलंट नव्हतं, साधं पाणी होतं. रात्री रेडिएटरची तोटी उघडून पाणी सोडून दिलं होतं, तरी सकाळी ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर तडा दिसला. इंजिन सुरू केलेलं नाही. गाडी ट्रकवर टाकून नाशिकला आणली आहे आणि इंजिन अजून गाडीतच आहे.

तडा जवळजवळ आडवा आहे, नुसत्या डोळ्यांना साधारण ९० मिमी दिसतो, हेड गॅस्केटच्या पृष्ठभागापासून (ब्लॉकच्या वरच्या सपाट तोंडापासून) अंदाजे ४५ मिमी खाली. त्याच बाजूचा एक वेल्च प्लग (भोक बुजवणारी पत्र्याची टोपी) अर्धा बाहेर ढकललेला आहे. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही.

तीन ठिकाणी तीन मतं मिळाली. एक म्हणतो गाडीतच आर्गन (आर्गन वायूखालचं टिग वेल्डिंग) मारून देतो, एका दिवसात काम. दुसरा म्हणतो वरून इपॉक्सी भरा, तिथे फक्त पाणीच तर आहे. तिसरा म्हणतो ॲल्युमिनियम ब्लॉक एकदा फुटला की भंगार, जुनं हाफ इंजिन (हेडशिवाय, आतल्या भागांसकट ब्लॉक) घ्या.

ब्लॉक वाचेल की नाही हे ठरवायचं कसं? पैसे कुठल्या क्रमाने खर्च करावेत?

---

मायक्रोमीटर

९० मिमी ऐकून घाबरू नका, आणि १० मिमीचा असता तरी निश्चिंत होऊ नका, असंच सांगितलं असतं. लांबीवरून काही ठरत नाही. तडा कुठल्या भिंतीत आहे, त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना काय आहे आणि ती भिंत कुठला भार पेलते, यावर ठरतं.

तुमच्या भिंतीच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा आहे. आतला दाब म्हणजे रेडिएटर कॅपचा, १ बारच्या आसपास. ज्वलनाचा दाब किंवा क्रँकचा भार तिथे येत नाही. ॲल्युमिनियम ब्लॉकला तडा जायचाच असेल तर याहून बरी जागा नाही. इंजिन माउंटिंगचे आणि बेलहाउसिंगचे कान तुटले तरी जोडता येतात, फक्त वेल्डिंगनंतर भोकं जागेवर आहेत का ते पाहावं लागतं. दोन बोअरमधल्या पुलावर, म्हणजे गॅस्केटच्या पृष्ठभागावर, तडा असेल तर काम अवघड. जागा अरुंद, लायनर लागून, आणि नंतर फेसिंग (पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं) अटळ. हेड बोल्टच्या भोकातून निघालेला तडा त्याहून फसवा, कारण बोल्ट आवळला की तो उघडतो. मेन बेअरिंगच्या जाळीत (क्रँकशाफ्टला धरणाऱ्या आतल्या भिंतींत) तडा असेल तर ब्लॉक भंगारात द्यायचा, त्यावर चर्चाही नको. दर फेऱ्याला भार उलटसुलट होणारी जागा आहे ती.

आता खरी भीती. बर्फाने फुटलेल्या ब्लॉकला सहसा एकच तडा नसतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि वाट मिळेल तिकडे ढकलतं. बाहेरचा तडा दिसतो म्हणून तो कळतो. जॅकेटच्या (बोअरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या) तळाला, म्हणजे खालच्या, ऑइलकडच्या क्रँककेसच्या बाजूला, गेलेला तडा वरून दिसत नाही. तुमचं ऑइल स्वच्छ आहे यावरून काही सिद्ध होत नाही, कारण बर्फ वितळल्यावर पाणी बाहेरच्या तड्यातून निघून गेलं आणि पंप फिरलाच नाही.

रेडिएटरची तोटी उघडूनही असं का झालं? रेडिएटर रिकामा झाला म्हणजे ब्लॉक रिकामा झाला असं नसतं. थर्मोस्टॅट बंद असतो, शिवाय जॅकेटचा तळ खालच्या होजच्या पातळीच्या खाली असतो. बहुतेक ब्लॉकना म्हणूनच वेगळा ड्रेन प्लग दिलेला असतो. तो उघडला नाही तर आत पाणी राहतं आणि नेमकं बोअरच्या खालच्या अर्ध्याभोवती राहतं. वेल्च प्लग बाहेर आला म्हणजे ब्लॉक वाचला, हाही गैरसमज आहे. ते प्लग ढलाईच्या वेळी आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोकं बुजवायला असतात. बर्फात ते कधी निघतात, कधी भिंत आधी जाते. तुमच्याकडे दोन्ही झालंय.

पैशांचा क्रम असा ठेवा.

आधी इंजिन उतरवून पूर्ण उघडा. तिन्हींपैकी कुठलाही मार्ग घेतलात तरी हा खर्च आहेच, त्यामुळे तो वाया जात नाही. हेड, वॉटर पंप, थर्मोस्टॅट हाउसिंग, हीटर कोअर आणि रेडिएटर बाजूला ठेवा. बर्फाने यांनाही धरलेलं असू शकतं.

मग डाय पेनिट्रंट. मॅग्नेटची पावडर टाकून बघणारे ॲल्युमिनियमवर काही बघू शकत नाहीत, कारण हा धातू चुंबकाला दाद देत नाही. लाल डाय, क्लीनर आणि पांढरा डेव्हलपर असा तीन डब्यांचा संच वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो. भाग पूर्ण कोरडा आणि तेलमुक्त करा, डाय मारा, १५ ते २० मिनिटं थांबा. जादा डाय काढताना क्लीनर कापडावर घ्या, थेट ब्लॉकवर फवारू नका. फवारलं की तड्यातला डायही धुतला जातो आणि तडा नाहीच असं वाटतं. डेव्हलपरचा पातळ थर दिल्यावर १० मिनिटांत लाल रेघ उमटते. रेघ जिथे संपते ते तड्याचं खरं टोक, आणि ते डोळ्यांना दिसणाऱ्या टोकाच्या बरंच पुढे असतं. ढलाईच्या खरबरीत पृष्ठभागावर पसरट गुलाबी डाग येतात, त्यांना तडा समजू नका. तड्याची रेघ बारीक असते आणि पुसून परत डेव्हलपर मारला की त्याच जागी पुन्हा येते.

शेवटी प्रेशर टेस्ट. ब्लॉकच्या वर १५ ते २० मिमी जाड प्लेट, खाली रबर, पंपाचं तोंड आणि बाकीची भोकं प्लेटने बंद, सगळे वेल्च प्लग नवे. दिसणारा मोठा तडा आधी तात्पुरता रबर आणि पट्टीने दाबून बंद करा, नाहीतर सगळी हवा तिथूनच जाईल आणि लहान गळती कळणारच नाही. ब्लॉक ६० ते ७० अंशांच्या पाण्यात बुडवून २ ते ३ बार हवा द्या आणि किमान १५ मिनिटं बघत राहा. थंड पाण्यात बंद राहणारे तडे गरम पाण्यात बोलतात. बुडबुडे बोअरच्या आतून येतात, क्रँककेसच्या बाजूने येतात की फक्त बाहेरून येतात, यावरच तुमचा निर्णय आहे.

हे तिन्ही होईपर्यंत वेल्डिंगवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका.

---

फीलर_गेज

वरच्यात भर. वेल्डिंगच्या आधी मापं घेऊन लिहून ठेवा, नंतर घेतलेल्या मापांना तुलना लागते.

चारही बोअर, प्रत्येकी वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, क्रँकच्या दिशेत आणि तिच्या काटकोनात. म्हणजे २४ आकडे. मेन कॅप मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळून मेन बोअरची मापं घ्या, पाचही एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी टाकून बघा. गॅस्केटचा पृष्ठभाग सरळ पट्टीने सहा दिशांनी, ०.०५ मिमीचा फीलर (मापाची पातळ पट्टी) कुठे शिरतो का.

बर्फाने बोअर आत दाबला गेला असेल तर तो इथेच कळतो. बिडाचा लायनर ठिसूळ असतो, पण लायनर आणि ॲल्युमिनियमच्या मधली पकड आधी सुटते. बोअर ओव्हल दिसला तर ती झीज आहे की दाब, हे पातळीवरून ओळखा. झीज वरच्या रिंगच्या जागेवर जास्त असते, बर्फाचा दाब मध्याच्या खाली.

---

स्क्रू_ड्रायव्हर_सांगली

फक्त पाणीच आहे तर चांगलं मेटल इपॉक्सी का चालणार नाही? उगाच इंजिन खोलायचं.

---

मायक्रोमीटर

चालतं, काही ठिकाणी. बाहेरून मोकळी, सपाट भिंत, तड्याला व्ही खाच, टोकांना भोकं, भिंत खरोखर तेलमुक्त आणि चांगल्या प्रतीचं उष्णता सहन करणारं ॲल्युमिनियम भरलेलं इपॉक्सी. वाटेत अडकलेली गाडी घरी आणायला उत्तम. नळाच्या गळतीवरचं एम-सील इंजिनवर लावणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

कायमचं म्हणून ते का नको? तडा ९० मिमीचा आहे. ब्लॉक रोज २० अंशांवरून ९० वर जातो आणि परत येतो. ॲल्युमिनियम प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, इपॉक्सीचं वागणं वेगळं. काही महिन्यांनी कडेने केसासारखी गळती सुरू होते. आणि वाईट म्हणजे इपॉक्सी एकदा खाचेत शिरलं की नंतर वेल्डिंगवाला ते पूर्ण काढू शकत नाही. ते जळतं, धूर होतो, सांधा काळा आणि भोकाळ. म्हणून आधी इपॉक्सी आणि नाहीच जमलं तर वेल्डिंग, हा क्रम उलटा आहे. रेडिएटरमध्ये ओतायचं स्टॉप-लीकसुद्धा तसंच. तडा बुजेल न बुजेल, हीटर कोअर नक्की बुजेल.

ऑइल गॅलरीच्या (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेच्या) भिंतीला इपॉक्सी कधीच नाही. तिथे दाब ३ ते ५ बार आणि गळती झाली तर बेअरिंग जातं.

---

टिग_टॉर्च

गाडीतच आर्गन मारून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कारण तो कारागीर वाईट आहे असं नाही. भिंतीच्या मागे क्षार, ओल आणि जुन्या कूलंटचा थर असताना कितीही चांगला हात असला तरी सांधा भोकाळच होणार. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं आणि घट्ट होताना तो बाहेर टाकतं. द्रवात मावतो त्याच्या विसाव्या भागाएवढाही घन धातूत मावत नाही. ओल, तेल, ग्रीस, गंज सगळ्यांतून हायड्रोजनच येतो. टाका वरून चकचकीत दिसतो आणि आत स्पंज असतो.

काम असं व्हायला हवं.

सफाई. बिडाचे ब्लॉक उकळायची कॉस्टिक सोड्याची टाकी असते, त्यात हा ब्लॉक चुकूनही टाकू देऊ नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, बेअरिंगच्या जागा आणि आटे बघता बघता जातात. ब्लॉक दुकानात सोडताना हे तोंडी सांगू नका, ब्लॉकवर मार्करने लिहा. आधी रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी. जॅकेटमधला क्षार काढायला ५ टक्के सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण तासभर, मग भरपूर पाणी. मिठाचं तेजाब नको. नंतर ब्लॉक भट्टीत १५० अंशांना दोन तास. यात ढलाईच्या छिद्रांत मुरलेलं तेल घामासारखं वर येतं. ते पुसा, परत भट्टी. शेवटी वेल्डिंगच्या आधी ॲसिटोन. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर डब्यावर वाचा. क्लोरीन असलेला सॉल्व्हंट आर्कजवळ गेला की फॉस्जीन वायू होतो, तो जिवावर बेततो.

तडा उघडणं. डायने दाखवलेल्या टोकाच्या ३ ते ४ मिमी पुढे, दोन्हीकडे, ३ मिमीचं भोक. मग कार्बाइड बरने ६० ते ७० अंशांची व्ही. ग्राइंडिंग चाक वापरू नका. ते ॲल्युमिनियमने भरतं आणि त्याचे खडे धातूत रुततात. व्ही किती खोल, यावर दोन मतं आहेत. काही जण आत १ मिमी धातू ठेवतात, म्हणजे जॅकेटमधली घाण वर येत नाही. पण मग तड्याचं मूळ आतच राहतं आणि तिथूनच तो परत वर येतो. माझं मत: आरपार उघडा, दीड ते दोन मिमी फट ठेवा, आणि जॅकेटमध्ये नळीने आर्गन सोडून आतली हवा बाहेर काढा. गॅस थोडा जास्त जातो, मूळ मात्र स्वच्छ येतं.

रॉड. ४०४३, म्हणजे ५ टक्के सिलिकॉन, किंवा ४०४७, म्हणजे १२ टक्के. डाय कास्टिंगच्या (साच्यात दाबाने ओतलेल्या) ब्लॉकमध्ये बहुधा एडीसी१२ जातीचा मिश्रधातू असतो, त्यात सिलिकॉन १० ते १२ टक्क्यांच्या घरात, तांबंही असतं. त्याला ४०४७ छान जुळतो. पातळ वाहतो, आकसणं कमी, गरम तडे कमी. ५३५६ रॉड दुकानदार हमखास पुढे करतो, कारण तो ताकदवान आणि सगळीकडे मिळतो. ब्लॉकला तो नको. त्यात ५ टक्के मॅग्नेशियम असतं. जास्त सिलिकॉनच्या ढलाईशी मिसळून ते ठिसूळ कण बनवतं, शिवाय ६५ अंशांच्या वर सतत राहणाऱ्या भागात असा सांधा ताणाखाली गंजून तडकतो. इंजिन तर रोज ९० वर असतं.

लायटरने लागते म्हणून जाहिरात होणारी ॲल्युमिनियमची जस्ताची कांडी मिळते, तीही नाही. तिला ३८० अंशांच्या आसपास धातू तापवावा लागतो. एवढा मोठा ब्लॉक तिथवर नेलात तर धातू मऊ पडतो, आणि नाही नेलात तर कांडी चिकटतच नाही. दोन्हीकडून तोटा.

तापवणं. पूर्ण ब्लॉक भट्टीत १२० ते १५० अंश, तापमानाच्या खडूने खात्री करून. गॅसच्या बर्नरने एकाच बाजूला तापवणं म्हणजे ब्लॉक वाकवायचं आमंत्रण. बेअरिंग शेल, ओ-रिंग, प्लग, सेन्सर सगळं बाहेर. मेन कॅप आवळलेले आणि वर जाड प्लेट किंवा निकामी हेड आवळलेलं असावं, म्हणजे ब्लॉकला वळायला जागा राहत नाही.

टाका. एसी करंट, ९९.९९ टक्के शुद्ध आर्गन, १० ते १२ लिटर प्रति मिनिट, टंगस्टन २.४ मिमी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी, पण त्याच्या वरची ऑक्साइडची साय २००० अंशांच्या पुढे टिकते. एसीचा अर्धा फेरा ती साय फोडतो, म्हणून डीसीवर हे काम होत नाही. ॲम्पिअरचा अंदाज दर मिमी जाडीला ४० धरा, म्हणजे ४ मिमी भिंतीला १६०. ब्लॉक गरम असेल तर त्याहून कमी पुरतात. टोकाच्या भोकाकडून मध्याकडे यायचं, २० ते २५ मिमीचा तुकडा, मग दुसऱ्या टोकाचा तुकडा. थांबताना करंट हळूहळू उतरवून खड्डा भरायचा, नाहीतर नेमक्या त्या खड्ड्यात चांदणीसारखा नवा तडा पडतो.

पहिल्या थरात काळे कण उकळून वर येणारच, डाय कास्टिंगमध्ये अडकलेला वायूही फुटतो. त्यावरच दुसरा थर चढवू नका. बरने कापून काढा, स्टीलच्या वेगळ्या ब्रशने घासा, परत मारा. काही ढलाईत हे तीन वेळा करावं लागतं. चार वेळा करूनही उकळत असेल तर धातूच तसा आहे, तिथे थांबायचं.

काम झालं की सिरॅमिक लोकरीची चादर गुंडाळून रात्रभर सोडा. पंख्यासमोर नाही, पाणी तर अजिबात नाही.

---

फीलर_गेज

एक सूचना, जिप्सीसाठी नव्हे, इतर वाचकांसाठी. दाबून बसवलेले लायनर असलेल्या ब्लॉकला भट्टीत टाकताना आधी विचारा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. ८० मिमी व्यासाला १३० अंशांच्या फरकाने अंदाजे ०.१२ मिमी जागा सुटते आणि लायनर सरकतो किंवा सरळ खाली पडतो. ढलाईतच धरलेल्या लायनरला ही भीती कमी. आणि लायनरच नसलेले, बोअरवर निकेलचा थर असलेले ब्लॉक असतात, त्यांच्या बोअरजवळ वेल्डिंगचा विचारच नको.

---

बीडकाम_कोल्हापूर

मेटल स्टिचिंगचं कोणी बोललं नाही. वेल्डिंगशिवाय, थंड पद्धत. तड्यावर आट्यांच्या पिना एकमेकींत अर्ध्या शिरतील अशा ओळीने बसवायच्या, मधे आडव्या पट्ट्या. उष्णता नाही म्हणून वाकणं नाही.

पण स्वतःच विरोधात लिहितो. ही पद्धत जहाजांच्या आणि जनरेटरच्या बिडाच्या जाड ब्लॉकवर नावाजली, कारण बीड वेल्ड करणं त्रासाचं. पिनेला धरायला आटे लागतात आणि ४ मिमी भिंतीत तीन-चारच आटे बसतात. जाड भाग असता, ८-१० मिमी, तर हेच सुचवलं असतं. इथे टिग बरं. आणि आमच्याकडे बिडाचे उस्ताद गल्लीगल्लीत आहेत म्हणून त्यांच्याकडे ॲल्युमिनियम नेऊ नका, ती वेगळी विद्या आहे.

---

गिअर_नाशिक

सगळ्यांचे आभार. इंजिन उघडून तपासण्या केल्या. निकाल असे:

डायने बाहेरचा तडा ११८ मिमी दाखवला. एका टोकाला तो माउंटिंगच्या जाड भागाच्या अलीकडे थांबतो. बाहेर आलेल्या वेल्च प्लगच्या भोकाच्या काठावर दुसरा, १२ मिमीचा, भोकातून वर जाणारा. मोठ्या तड्याला तो जोडलेला नाही.

प्रेशर टेस्ट २.५ बार, पाणी ६५ अंश, २० मिनिटं. बोअरमधून काही नाही, क्रँककेसच्या बाजूने काही नाही. बुडबुडे फक्त या दोन जागांवरून.

बोअर: ओव्हलपणा जास्तीत जास्त ०.०२, टेपर (वर आणि खाली व्यासातला फरक) ०.०३ मिमी. वरचा पृष्ठभाग ०.०५ चा फीलर कुठेच घेत नाही. मेन बोअर सरळ. हेड वेगळं टेस्ट केलं, ठीक. वॉटर पंपाची बॉडी फुटली आहे, थर्मोस्टॅट हाउसिंगलाही तडा.

वेल्च प्लगच्या काठाचा तडा बघून वेल्डिंगवाला म्हणतो, तिथे फक्त सीलंट लावून नवा प्लग ठोका, दाबून बंद होईल. करावं का?

---

मायक्रोमीटर

ब्लॉक दुरुस्त करण्यासारखा आहे. क्रँककेस आणि बोअर कोरडे निघाले, तिथेच निर्णय झाला. जाळीतून किंवा जॅकेटच्या तळातून एक जरी बुडबुडा आला असता तर हाफ इंजिन शोधा म्हणालो असतो, कारण तिथे वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही आणि पोहोचली तरी मेन बोअर हलतो.

प्लगच्या काठाबद्दल: नाही. वेल्च प्लग दाबाने बसतो, भोकापेक्षा किंचित मोठा असतो आणि काठाला सतत बाहेर ढकलत राहतो. तडकलेल्या काठात नवा प्लग ठोकणं म्हणजे पाचर मारणं. १२ चे २५ व्हायला वेळ लागत नाही. तो तडाही वेल्ड करा आणि मग ते भोक परत मापात बोअर करून घ्या, कारण टाका आत उतरतो आणि भोक गोल राहत नाही. कारागिराने फाइलने गोल करून देतो म्हटलं तर नको म्हणा. भोक ०.०५ ने अंडाकृती झालं तरी प्लग एका बाजूने गळतो.

पंप आणि हाउसिंग नवे घ्या. त्यांना वेल्डिंग करण्याएवढी त्यांची किंमत नसते.

---

टिग_टॉर्च

आधी प्लगच्या काठाचा टाका, मग मोठा तडा. लहान कामात ब्लॉकचा धातू कसा वागतो ते कळतं. तिथेच खूप उकळला तर मोठ्याला हात लावायच्या आधी थांबता येतं. ११८ मिमीचा तडा पाच-सहा तुकड्यांत येईल. माउंटिंगच्या जाड भागाकडचं टोक शेवटी ठेवू नका, ती जागा उष्णता ओढते आणि तिथे टाका नुसता वर बसून राहतो, मुरत नाही.

वेल्डिंगनंतर परत तीच प्रेशर टेस्ट, तेच ६५ अंश. सुईच्या टोकाएवढे एक-दोन बुडबुडे राहिले तर पुन्हा आर्गन मारत बसू नका, प्रत्येक वेळी शेजारी नवं छिद्र उघडतं. भोसरी-चाकण पट्ट्यात डाय कास्टिंगवाल्यांसाठी व्हॅक्यूम इम्प्रेग्नेशनची कामं होतात. ब्लॉक निर्वात टाकीत ठेवून छिद्रांत पातळ रेझिन ओढलं जातं आणि सुमारे ९० अंशांच्या पाण्यात ते घट्ट होतं. ते बारीक छिद्रांसाठीच. तड्यासाठी नाही, कितीही आग्रह झाला तरी.

---

फीलर_गेज

आणि २४ आकडे परत. आधीच्यापेक्षा ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर होनिंगने (बोअर आतून बारीक घासून) भागतं का बघा, नाहीतर ओव्हरसाइझ, म्हणजे बोअर मोठा करून मोठे पिस्टन. हेड बसवण्याआधी बोल्टची आंधळी भोकं हवेने कोरडी करा. टेस्टचं पाणी तिथे राहिलं आणि बोल्ट आवळला तर पाणी दबत नाही, ब्लॉक तडकतो. एवढं सगळं करून तसं झालं तर कपाळाला हात.

---

आरटीओ_फाइल

हाफ इंजिनचा विचार परत आला तर एक गोष्ट. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर वेगळे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते, विमा कंपनीलाही कळवायचं. त्यासाठी जुन्या ब्लॉकचं बिल आणि तो कुठल्या गाडीचा होता त्याची कागदं हवीत. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सीचे सुटे ब्लॉक बाजारात येतात, त्यांची कागदं मिळतातच असं नाही. बिनकागदाचा ब्लॉक स्वस्त असण्याचं कारण तेच.

दुरुस्ती करत असाल तर नंबरच्या पट्टीवर ग्राइंडर, वायर ब्रश, वाळूचा मारा काही जाऊ देऊ नका. भट्टीत टाकायच्या आधी फोटो काढून ठेवा, वर टेप लावा.

---

गिअर_नाशिक

नंबर मोठ्या तड्यापासून हातभर लांब आहे, तरी फोटो काढले. वेल्डिंग ठरवलं. कूलंट नंतर किती टक्के? पुढच्या हिवाळ्यात परत जायचं आहे, म्हणून जास्तच टाकणार होतो.

---

मायक्रोमीटर

जास्त म्हणजे चांगलं असं नाही. इथिलीन ग्लायकॉल ५० टक्के आणि डिस्टिल्ड पाणी ५० टक्के, हे साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. ३३ टक्क्यांना उणे १७-१८, म्हणजे काझाच्या जानेवारीतल्या रात्रीला कमी. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ लाच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. ६० टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही. दुकानात आधीच मिसळलेलं कूलंट मिळतं, त्यात परत पाणी घालू नका. डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं. बोअरवेलचं पाणी तर मुळीच नको. ॲल्युमिनियमला पांढरे खड्डे पडतात आणि क्षाराने गळतीची जागा झाकली जाते.

भरल्यावर हायड्रोमीटरने मोजा. जुनं पाणी हीटर कोअरमध्ये लिटरभर राहून जातं आणि ५० चे ४० होतात. हीटरचा नॉब गरमवर ठेवून भरा. पहिले तीन वेळा इंजिन पूर्ण गरम, पूर्ण थंड, आणि प्रत्येक वेळी थंड झाल्यावर टाक्याच्या कडेने टॉर्च मारून बघा. सुकलेल्या कूलंटची रंगीत रेघ ओलीपेक्षा आधी दिसते.